डाव्या पेडलचे आटे

सिडको, नाशिक

प्रिय चैताली,

आधी बातमी, मग खुशाली. तुझ्या बाबाने लिहिलेला कागद वाचून सुरगाण्याकडच्या चार बायकांनी सायकलचा पंखा बनवला. मी पान्याला हात लावला नाही, एक शब्द बोललो नाही, आणि पंखा फिरला. बाबा आणि गप्प बसले? विश्वास बसत नसेल तर आईला विचार.

आमच्या अंबडच्या कंपनीत कँटीन सांभाळणारा झिपरू तुला आठवत असेल. आता तो गावी शेती करतो. गेल्या वर्षी त्याच्याकडे गेलो तर नागली मळून खळ्यावर पडलेली, आणि तो नि मैनावहिनी सूप घेऊन वाऱ्याची वाट बघत बसलेले. दोन दिवस वारा नाही. मला कुठे राहवतंय? जुनी सायकल स्टँडवर लावली, तेलाच्या डब्याचा पत्रा कापून मागच्या चाकाच्या तारांवर तिरक्या पात्या बसवल्या. एकीने उजवं पेडल हाताने फिरवायचं, दुसरीने डाव्या बाजूला सुपातून नागली सोडायची. कोंडा उडून गेला. यंदा आणखी घरांना तसा पंखा हवा होता, पण गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे माझा प्रवास बंद. झिपरू म्हणाला, लिहून पाठवा.

एकतीस वर्षं फिटर होतो, एक कागद लिहायला काय लागतं? अकरा पानं लिहिली, त्यातली तीन नुसती चाकाच्या थोरवीची. पुढे लिहिलं, 'डावं पेडल काढा', कारण ते सूप धरणारीच्या गुडघ्याला लागतं. आता डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते नेहमीच्या उलट फिरवलं तरच सुटतं. हे माझ्या हातात इतकं मुरलंय की लिहायचं सुचलंच नाही. बायकांनी नेहमीसारखं फिरवलं, सुटेना म्हणून पान्याला पाइप लावून दोघींनी जोर केला, आणि आटे गेले. मी फोनवर तडकलो, एवढंही कळत नाही का म्हणून. मैनावहिनींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "भाऊ, कागदात लिवलं नाय, तं आमाला कसं कळंल?"

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मग तुझ्या आईला समोर बसवलं. तिने जन्मात पाना धरलेला नाही. ती एकेक ओळ मोठ्याने वाचायची आणि आपल्या सायकलवर तसंच करायची. ती अडली की मी कागदावर लाल खूण करायची, बोलायचं नाही. माझे हात इतके शिवशिवायचे की तिने मला लसूण सोलायला दिला. सतरा खुणा झाल्या. 'अंदाजाने तिरक्या पात्या' खोडून लिहिलं, 'चौरस कागद तिरक्या कोपऱ्याला कोपरा लावून दुमडा, घडी जेवढी तिरकी तेवढ्याच पात्या तिरक्या.' पेडलसाठी लिहिलं, 'सायकलच्या डाव्या बाजूला उभ्या राहा. पाना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवा. सुटत नसेल तर दिशा तपासा, जोर वाढवू नका.' अकराची चार पानं झाली.

परवा डॉक्टरांची परवानगी काढून आम्ही दोघं तिकडे गेलो. मला लांब खुर्चीवर बसवलं होतं. बायका वाचत होत्या, वाद घालत होत्या, एक पाती उलटी बसवून पुन्हा काढत होत्या. दुसऱ्या सायकलचं पेडल पहिल्या फटक्यात सुटलं, तेव्हा मी खुर्चीतच उडालो. दुपारी पंखा सुरू झाला आणि सगळा कोंडा माझ्या नव्या शर्टावर. इतका आनंद मला निरोप समारंभातही झाला नव्हता. मैनावहिनी आता शेजारच्या पाड्यावर शिकवायला जाणार आहेत. कागद त्यांच्याकडे, माझी गरजच नाही. मी छाती काढून घरी आलो.

पण आल्यापासून वहिनींचं ते वाक्य डोक्यातून जात नाही. नववीत तू प्रदर्शनासाठी पाण्याचा पंप करत होतीस. काही विचारायला आलीस, आणि मी 'दे इकडे' म्हणून तो ओढून घेतला, सगळा स्वतःच केला. परीक्षकांनी तो कसा चालतो विचारलं, तुला सांगता आलं नाही, तू रडत घरी आलीस. मी पाहुण्यांसमोर हसत म्हणालो, हिला यातलं काही कळत नाही. तेच मी तुझ्या लग्नातसुद्धा सगळ्यांना हसत सांगितलं, आणि तूही हसलीस. तुला सगळं कळलं असतं, बाळा. मी तुला कधी नीट सांगितलंच नाही. चुकलं माझं.

तुझाच,
बाबा