पडदा मी शिवलेला

शहाड,
२० फेब्रुवारी २०२५

चि. मेघना हिला आईचा जय भीम आणि पोटभर आशीर्वाद.

मी बरी आहे. तुझे पप्पाही बरे आहेत, गुडघा सोडून. सान्वीचा खोकला गेला का? बंगळूरला तुमच्याकडे धूळ फार आहे म्हणालेलीस, तर तिला शाळेत जाताना रुमाल बांधत जा. ती काढून टाकेल, तरी बांध.

वर शहाड वाचून घाबरू नकोस. आवडामावशीकडे आलेय. तुझ्या आजीची ती धाकटी बहीण, स्टेशनच्या पलीकडे एकटीच राहते. अजून स्वतःचं पाणी स्वतः भरते आणि मला काही विचारत नाही, हे सगळ्यात चांगलं.

मी फोन का उचलत नाही, असं तू पप्पांना विचारलंस म्हणे. अगं, फोनवर मी दोन वाक्यं बोलले की तुझी मीटिंग असते. मेसेज केला तर अंगठा येतो. मला जे सांगायचंय ते एका अंगठ्यात मावायचं नाही. म्हणून कागद घेतला. बसून वाच.

पप्पा रिटायर झाल्यावर घरात नुसते येरझाऱ्या घालतात, टीव्हीशी भांडतात, म्हणून तू त्यांना आमच्या घोडबंदरच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमधला तो वर्ग लावून दिलास. ‘रोजच्या जगण्यात कला’. शिकवणारी ऐश्वर्या तुझ्याच वयाची, गोड बोलणारी मुलगी. तिनं पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं, रोज एक तरी गोष्ट नेहमीपेक्षा वेगळी करा. पप्पांनी ते इतकं मनावर घेतलं की वागळे इस्टेटमध्ये आयुष्यभर प्रेस मशीन चालवली तेव्हासुद्धा सुपरवायझरचं कधी एवढं ऐकलं नसेल.

मग आमच्याकडे पोह्यांत बीट पडायला लागलं. चपातीला चटणीचे डोळे आणि मिशा. बाल्कनीतल्या बाटल्या रंगवल्या, आणि त्या रंगवताना बाल्कनीही रंगली. ओट्यावर सांडलेलं, सिंकमध्ये साचलेलं, फरशीवर वाळलेलं कोण काढणार, हे वर्गात शिकवत नसावेत. कला त्यांची आणि फडकं माझं. पण माणूस हसत होता. तूही व्हिडिओ कॉलवर त्या मिशीवाल्या चपात्या बघून किती हसलीस. मला वाटलं, जाऊ दे.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर क्लबहाऊसमध्ये वर्गातल्या लोकांचं प्रदर्शन होतं. पप्पांनी मला इस्त्रीची साडी नेसायला लावली. काय बनवलंय ते सांगत नव्हते, तिथेच बघ म्हणाले. खाली गेले तर बरीच गर्दी. बी विंगमधल्या एक बाई हसून म्हणाल्या, “काकू, तुम्ही पण काही करता की नाही?”

मी तोंड उघडायच्या आत तुझे पप्पा म्हणाले, “नाही हो, ती घरीच असते.”

साधेपणानं म्हणाले, त्यात खोच नव्हती. तेच मला जास्त लागलं, पण तेव्हा कळलं नाही, कारण तेवढ्यात मला समोरच्या भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये आपला पडदा दिसला.

कोळसेवाडीच्या खोलीतला पडदा. तुला आठवतो की नाही, मला माहीत नाही. एकच खोली होती. ओट्याच्या बाजूला मी आणि स्टोव्हची धग, दुसऱ्या बाजूला तू आणि तुझा अभ्यास, मध्ये तो पडदा. विकतचा आणता आला असता. पण मला नुसतं कापड लटकवायचं नव्हतं. तुला आत बसल्यावर काहीतरी बघण्यासारखं असावं असं वाटत होतं. तुझा पिवळा फ्रॉक आखूड झाला तो त्यात गेला. माझ्या लग्नाच्या पांढऱ्या साडीचा काठ गेला. आणि पप्पांचे कंपनीतले निळे शर्ट. वेल्डिंगवाल्याच्या शेजारी उभं राहून त्या शर्टांना ठिणग्यांची बारीक भोकं पडायची. ती भोकं मी बुजवली नाहीत. प्रत्येकाच्या कडेनं काजाचा टाका घातला, मागून तुझ्या फ्रॉकचं पिवळं लावलं. संध्याकाळी माझ्या बाजूचा दिवा लागला की तुझ्या बाजूनं ती उजळायची. निळ्यावर पिवळे ठिपके. तू पुस्तक पुढ्यात ठेवून त्यातल्या एकेकावर बोट ठेवायचीस आणि मी ओरडायचे, अभ्यास कर. ओरडायचे, पण आतून बरं वाटायचं.

कुठल्या ठिकाणी कुठलं कापड यावं, हे मी भाजी चिरताना ठरवायचे, नळावर रांगेत ठरवायचे. मनासारखं झालं नाही तर उसवायचे. कोणी सांगितलेलं नव्हतं. त्याला काय म्हणतात तेही ठाऊक नव्हतं.

घोडबंदरला राहायला गेलो तेव्हा मी तो धुऊन, घडी घालून बेडच्या बॉक्समध्ये ठेवला. पप्पांनी तिथून काढला, मधला निळा भाग कात्रीनं कापला, पुठ्ठ्यावर गोंदानं चिकटवला आणि फ्रेम करून आणली. खाली चिठ्ठी: ‘कामगाराचं आकाश. कलाकार: भगवान पगारे.’

लोक उभे राहून बघत होते. ऐश्वर्या सगळ्यांना समजावून सांगत होती, काकांनी आपल्या श्रमाच्या खुणांचं कसं सोनं केलंय, एकेक भोक म्हणजे कशी एकेक आठवण आहे. पप्पा मान खाली घालून लाजत होते. नव्या नवरीसारखे.

मी म्हटलं, “हा पडदा मी शिवलाय.”

मोठ्यानं नाही म्हटलं, पण सगळ्यांनी ऐकलं. ऐश्वर्यानं पप्पांकडे बघितलं. पप्पा म्हणाले, “पडदा हिनंच शिवलाय, बरोबर आहे. पण त्याचं चित्र मी केलं.”

मेघना, मी त्या वाक्याचा रोज विचार करतेय आणि रोज मला त्याचा वेगळा राग येतो. कापून फ्रेममध्ये घातलं की चित्र, आणि लटकत होतं, धग खात होतं, तुझ्या डोळ्यांपुढे उजळत होतं, तेव्हा काय होतं ते?

मी खुर्ची ओढली, तिच्यावर चढले आणि फ्रेम उतरवली. सेक्रेटरी म्हणाले, काकू, प्रदर्शन संध्याकाळपर्यंत आहे. मी म्हटलं, तुमचं असेल. लिफ्टमध्ये माझ्याबरोबर जे होते ते सगळे वरच्या दिव्यांकडे बघत होते. घरी येऊन मागची पट्टी सुरीनं उचकटली. कापड पुठ्ठ्यावरून सुटेना. अर्धं सुटलं, अर्धं फाटलं. गोंद आरपार आलाय, टाके खडखडीत झालेत. जेवढं निघालं तेवढं पिशवीत घातलं, दोन साड्या घेतल्या आणि इकडे निघून आले. पप्पा प्रदर्शनातून वर यायच्या आत.

आवडामावशीनं दार उघडलं, पिशवी बघितली आणि म्हणाली, भात जास्त टाकते.

पप्पा पुढच्या रविवारी आले. उरलेला पडदा घेऊन आलेले. त्याच्या मधोमध खिडकीएवढं भोक. मावशी चहा ठेवून शेजारी निघून गेली. त्यांनी कप उचलला, परत ठेवला. मग म्हणाले, “रमा, मी चोरी नाही केली. ते नेहमी घरातच असायचं ना, म्हणून मला ते घरातलंच वाटलं. कोणी केलं असेल, हे डोक्यातच आलं नाही.”

ते खोटं बोलले असते तर मी भांडले असते. हे खरं होतं. एवढी वर्षं माझ्या हाताखालून जे जे गेलं ते यांना भिंतीसारखं वाटलं, पंख्याच्या वाऱ्यासारखं. भाजीला आज चिंच की कोकम, कालच्या भाताचं आज काय, तुझ्या फाटक्या दप्तराला मांजराच्या तोंडाचं ठिगळ, हे सगळं आपोआप होत होतं. यांनी आयुष्यात एकदा पोह्यांत बीट टाकलं तर त्याचा फोटो बंगळूरला जातो.

मी त्यांना सांगितलं, जिथे मला घरीच असते म्हणालात तिथेच, त्याच लोकांपुढे उभं राहून सांगा. ते म्हणाले, प्रदर्शन संपलं आता. मी म्हटलं, वर्ग चालू आहे ना?

ते उठून गेले. जिना उतरताना गुडघ्यामुळे कठड्याला धरून धरून उतरत होते. मला हाक मारावीशी वाटली. मी मारली नाही.

पण त्यांनी सांगितलं गं. पुढच्या वर्गात उभे राहिले आणि म्हणाले, ते काम माझ्या बायकोचं होतं, मी कापलं, आणि कापून खराब केलं. मला हे त्यांनी नाही, ऐश्वर्यानं फोन करून सांगितलं. काका बसताना रडले म्हणाली. पुढे लगेच म्हणाली, काकू, तुम्ही एकदा या, आमच्यासाठी तुम्ही मोठी प्रेरणा आहात. मी म्हटलं, पोरी, मला कोणाची प्रेरणा व्हायचं नाहीये. एवढ्या वर्षांत मला कोणी विचारलं नाही की हे तुला कसं सुचलं, आणि आता मी तुमच्यापुढे खुर्चीवर बसून मान डोलावू? ती वाईट नाही. तिनं विचारलं, कसं सुचलं? मी म्हटलं, सावकाश सांगेन कधीतरी. आणि फोन ठेवला.

म्हणजे पप्पांवरचा राग तसा संपला. ते रोज फोन करतात. काल स्वतः केलेल्या वरणाबद्दल बोलत होते. नुसतं वरण, मिशा नाहीत. मधे एकदम म्हणाले, फोडणी आधी की हळद आधी, हे तू कशावरून ठरवतेस? विचारलं ते बरं वाटलं.

राग संपला असेल तर मी परत का जात नाही, असं तू विचारशील. तेच लिहायचं मी टाळतेय.

एक कारण असं. घोडबंदरच्या त्या घरात मला करायला काही नाही. तू कर्ज काढून घेतलंस, कष्टानं सजवलंस, मला त्याचं मोल नाही असं समजू नकोस. पण तिथं भिंतीला खिळा मारायचा नाही. पडदे आले ते बसवूनच आले. डबे सगळे एकसारखे. राहायला जाताना माझं शिवणयंत्र तू वॉचमनच्या बायकोला देऊन टाकलंस, आई, आता कशाला लागतंय, म्हणालीस. मी हो म्हटलं. मला खरंच वाटलं की नाही लागणार.

इथे मावशीचं यंत्र आहे, कुरकुरतं पण चालतं. तीन दिवसांपूर्वी मी उल्हासनगरच्या बाजारात जाऊन कापड आणलं. गडद निळं आणि हळदी रंगाचं. मेघना, आयुष्यात पहिल्यांदा मी असं कापड घेतलं जे आधी कोणाच्या अंगावर नव्हतं, आणि ज्याचं काय होणार हे मला माहीत नाही. कशाच्या उपयोगाचं नाही. दाराला नाही, उशीला नाही. दोन दिवस कात्री लावायला हात धजत नव्हता. कोणाचं आखूड झालेलं असतं तेव्हा निम्मं त्या कापडानंच सांगितलेलं असतं. हे काही सांगत नव्हतं. काल दुपारी लावली एकदाची कात्री. वाकडी गेली. आता त्या वाकडेपणाचं काय करायचं, या विचारात मी सकाळपासून आहे, आणि मावशीनं दोनदा जेवायला बोलावलं तरी मला भूक कळली नाही. हे सोडून मला एवढ्यात कुठेही जायचं नाही.

दुसरं कारण तू आहेस.

प्रदर्शनाच्या दिवशी पप्पांनी फ्रेमचा फोटो आपल्या ग्रुपवर टाकलेला. सगळ्यांनी फुलं पाठवली. तू लिहिलंस, ‘वा पप्पा, शेवटी आपल्या घरात एक कलाकार निघाला.’

मी ते खालीच वाचलं, ऐश्वर्याचं भाषण चालू असताना. मी तोंड उघडलं ते त्यामुळे. पप्पांचं मला समजतं, ते दिवसभर कंपनीत असायचे, पडद्याच्या आत फक्त झोपायला यायचे. पण तू त्याच्या आडोशाला मोठी झालीस. त्या ठिपक्यांवर तुझी बोटं फिरलेली आहेत. फोटोत ते ठिपके स्पष्ट दिसतात, मी मोठा करून पाहिलाय. आणि तू ते ओळखलं नाहीस. की ओळखलंस आणि तुलाही वाटलं की ते कोणी केलेलंच नाही? यातलं काय खरं, ते मला कळत नाही, आणि दोन्हींपैकी कशाचा जास्त राग येतो तेही कळत नाही. मी तुझ्यावर कधी एवढी रागावलेले नाही. तू न सांगता लग्न ठरवलंस तेव्हासुद्धा नाही.

सॉरी आई असं लिहून पाठवू नकोस. मला ते नकोय. वेळ काढ, सान्वी झोपल्यावर असेल नाहीतर तुझी मीटिंग बुडवून असेल, आणि त्या खोलीतलं तुला काय आठवतं ते कागदावर लिही. मी काय करायचे, कसं करायचे. कमी आठवलं तर कमी लिही. काही आठवत नसेल तर तसंही लिही, मी वाचेन. पण फोटोतल्या फ्रेमकडे बघून नको, डोळे मिटून लिही.

पत्र शहाडलाच पाठव. मी इथे आहे, किती दिवस ते मावशीलाही सांगितलेलं नाही. पाकिटावर पप्पांचं नाव घालू नकोस, मावशीचंही नको. माझं घाल, पूर्ण. पोस्टमन इथे नवीन आहे, त्याला मी सांगून ठेवलंय की या नावाची बाई इथे राहते.

तुझ्यावर रागावलेली, आणि तुझीच,
आई

रमाबाई पगारे