सुनेच्या आळसाच्या तारखा

तीर्थस्वरूप अक्काच्या पायांशी धाकटीचा नमस्कार. (पाय म्हणजे तोच, सुजलेला. उतरला का? उतरला नसेल तर तू माझं ऐकलं नाहीस, उतरला असेल तर मीच सांगितलं होतं.)

इकडचं ऐक. आधीच्या तीन पत्रांत सुनेबद्दल काय काय लिहिलं ते तुला ठाऊकच आहे. बाळंतपणाला चार महिने झाले तरी बाई उठायचं नाव घेईना. शिलाईचं मशीन धूळ खात पडलेलं, भर उन्हात अंगावर दोन पांघरुणं, डोकं ठणकतंय म्हणून पडदे ओढलेले, तान्ह्याला दूध नाही, आणि पाणी तर असं ढोसायची की सकाळी भरलेला रांजण दुपारी तळ दाखवी. (मुलगा म्हणे, थकली असेल. बायकोपुढे त्याची अक्कल नेहमीच रजेवर.)

तर गेल्या सोमवारी कशीबशी उठली आणि कापड बेतता बेतता ही कात्रीसकट जमिनीवर. दवाखान्यात नेली. तिथली डॉक्टरीण वयाने पोर, पण कान मोठे. विचारते, आजी, घरात हिच्यावर लक्ष कुणाचं असतं? अगं, मला कुणी विचारायचाच अवकाश! चार महिन्यांची मळमळ ओकले. किती झोपते, किती पिते, कशाकशाला कुरकुरते, सगळं. मी चुगल्या करतेय आणि ती भराभरा लिहून घेतेय! म्हटलं, चला, एकदाचं कुणीतरी माझ्या बाजूचं भेटलं. तिने कागद मिटला आणि सुनेच्या डोक्याचा फोटो काढायला सांगितला. तर काय, मेंदूखाली वाटाण्याएवढी ग्रंथी असते, पिट्यूटरी म्हणतात, अंगाचा निम्मा कारभार तीच हाकते, आणि नेमकी तीच सुजलीय. कशाने? तर अंगातल्या राखणदारांनीच घरच्या माणसाला चोर समजून बडवलं. (हे सांगताना ती माझ्याकडे का बघत होती, मला कळलं नाही. कळलं, पण ते तुला कशाला सांगू?)

आता रोज सकाळी आठला स्टेरॉइडची गोळी. मध्येच बंद पडली तर जिवावर बेतेल म्हणे, म्हणून डबी माझ्या कमरेला. ती गिळेपर्यंत मी समोरून हलत नाही, जीभ बाहेर काढून दाखवायला लावते. तिला वैताग, मला त्याहून जास्त. आळशी सून परवडली असती गं, तिला निदान बोलता तरी यायचं. हिला काय बोलू?

तुझी धाकटी

ता. क. तहान कधीपासून, डोकं कधीपासून, याच्या तारखा डॉक्टरणीला हव्यात. त्या फक्त माझ्या पत्रांत आहेत. तिन्ही लगोलग पाठव. पण आधी 'आळशी', 'नाटकी' आणि 'रांजण' हे शब्द जाड शाईने खोड. सुनेच्या हाती लागले तर मला या घरात तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

ता. क. दुसरा. माझं अक्षर पोस्टमनला लागत नाही, म्हणून पाकिटावर पत्ता सूनच घालते. आज चिकटवायच्या आधी तिने हे वाचलं. म्हणते, आई, पत्रं कशाला मागवताय? आधीची तिन्ही मीच चिकटवली होती, तारखांसकट पाठ आहेत. आणि जीभ बाहेर काढून दाखवली.

गोळी गिळलेली होती.