पालथी बशी

अक्का, मी सांगितलं नव्हतं. खरं तर एवढं लिहून थांबता आलं असतं. पण एवढ्यानं तुमची बशी सुलटी व्हायची नाही हे मला पक्कं ठाऊक आहे, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता वयानं मी तुमच्याहून किती तरी थोरली आहे. तरी लिहायला बसले की तुम्हीच मोठ्या वाटता, आणि मी राजेश्वर गावाहून बीदरला आलेली नवी बाई होते. कुणाचं काही पटकन खरं न मानणारी, शिवाय त्याचा तोरा मिरवणारी. तुम्ही मला हसून म्हणायच्या की ही पोरगी देवळात गेली तरी पिंड खरी दगडाची आहे का ते वाजवून बघेल.

मुलींच्या शाळेतली ती मागची खोली आठवते. पूर्वी तिथे उर्दूचा मोठा वर्ग भरायचा. पोलीस ॲक्शननंतर फळ्यावर मराठी आणि कानडी आली, जुम्म्याची सुट्टी जाऊन रविवारची आली, आणि उर्दूच्या पोरी कमी होत होत त्या खोलीत फक्त स्टो, कप-बश्या आणि आपण तिघी उरलो. तुम्ही मराठी आणि गाणं शिकवायच्या, आपा उर्दू, मी इतिहास. मधल्या सुट्टीत एकीनं एक खबर सांगायची, सिनेमाची, गाण्याची नाहीतर जुन्या राजवटीची. ऐकणारीला पटली तर तिनं चहा बशीत ओतून प्यायचा. नाही पटली तर बशी पालथी घालून कपानंच प्यायचा, आणि सांगणारी पुरावा आणत नाही तोवर तिच्यापुढे बशी पालथीच ठेवायची. आणखी एक नियम होता, तो तुम्हीच घातलेला. सांगणारीनंच आपली बशी पालथी घातली तर ती खबर मेली. मग पुन्हा कुणी तिचं नाव काढायचं नाही.

माझ्या हुज्जतीमुळे तुम्हा दोघींचा चहा फार वेळा निवला. आपा म्हणाली की बिदरीची भांडी काळी होतात ती किल्ल्यातल्या मातीनं, आणि ती माती जिथे ऊन-पाऊस पोचत नाही अशाच जागेतली लागते. मी लगेच बशी पालथी घातली. तिच्या मामाकडे बिदरीचं काम चालायचं. दुसऱ्या आठवड्यात ती ओढणीच्या टोकाला चिमूटभर माती बांधून आणि अर्धी पांढरी, अर्धी काळीभोर अशी एक डबी घेऊन आली, नवसागर घालून माती कशी उकळतात तेही सांगितलं, आणि माझ्या नाकासमोर माझी बशी सुलटी केली. तुम्ही सांगितलं की मूकपटांच्या सुरुवातीला बाया काम करायला तयार नव्हत्या, तेव्हा एका हॉटेलातल्या आचाऱ्याला लुगडं नेसवून नायिका केलं होतं. आणि पहिल्या बोलपटांत गाणं चालू असताना तबलेवाला झाडामागे दडवायचे, म्हणजे तो चित्रात यायचा नाही पण ठेका ऐकू यायचा. मी विचारलं, झाडावर मुंग्या असल्या तर? तुम्ही म्हणालात, मग लय वाढायची. आपा इतकी हसली की तिच्या नाकात चहा गेला.

पण अक्का, मला तेव्हापासूनच शंका यायची. एवढं सगळं तुम्हाला कुठून ठाऊक? संतपूरची पोर, नवऱ्यानं नांदवलं नाही म्हणून बीदरला मामाकडे राहणारी. मधली काही वर्षं पुण्यात मावशीकडे होते, एवढंच तुम्ही सांगायच्या. त्या दिवसांत शंका घ्यायला काही शिकावं लागत नव्हतं. रझाकारांच्या वेळी कोण कुणाच्या बाजूनं होतं, याचा हिशेब गावोगाव मनातल्या मनात चालायचा. पुढे जिल्हा मराठी राज्यात जाणार की कानडी यावरून नवीनच सुरू झालं. मराठी बोललं तर एक जण मान वळवून बघायचा, कानडी बोललं तर दुसरा. शाळेत नवा शिपाई आला तरी आम्ही विचारायचो, हा कुणी पाठवला. दूध घालणारी बाई दोन दिवस आली नाही तर तिच्यावरही संशय. मला तर हे वातावरण मानवायचंच.

मग तुम्ही ती तबकडीची खबर सांगितली. पडद्यावर नटी नुसते ओठ हलवते आणि गाणं दुसरीच कुणी गाते, हे तेव्हा आम्हाला नुकतं कळलं होतं. तुम्ही म्हणालात की त्या तबकडीवर गाणाऱ्या बाईचं नाव नसतंच, सिनेमातल्या पात्राचं नाव छापतात. म्हणजे जी बाई कधी जन्मलीच नाही तिचं नाव तबकडीवर, आणि जिचा गळा आहे ती कुठे तरी चूल फुंकत असते. "आपल्याच मुलखातली एक हाय अशी," एवढंच तुम्ही म्हणालात. आपानं बशी पालथी घातली. मी घातली नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी पुरावा न मागता बशीतून चहा प्याले, कारण पुरावा मी रोज सकाळी प्रार्थनेला बघत होते. गाण्याआधी तुम्ही हातातल्या बांगड्या वर कोपराकडे सरकवून घट्ट बसवायच्या. पट्टी चढली की तोंड जरा बाजूला वळवायच्या, जणू समोर माइक आहे आणि त्यावर एकदम आवाज आदळू द्यायचा नाही. देवापुढे गाणारी बाई असं कशाला करील?

त्या संध्याकाळी गावातल्या चौबाऱ्याच्या बुरुजापाशी मी विचारलंच. तुम्ही थांबलात. आजूबाजूला बघितलंत, मग हळू आवाजात म्हणालात, "कामून इचारायलीस?"

मी म्हटलं, उगंच.

"मग उगंच इसरून जा. मामाला कळलं तर घरात ठिवायचा न्हाई, अन् शाळेला कळलं तर शाळेत."

तुम्ही हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. पण तुम्ही का घाबरता ते मला समजत होतं. पोरींना शाळेत धाडायलाच लोक कुरकुरत होते. बाई सिनेमात गाऊन आली आहे असं बाजारात पसरलं असतं, तर निम्मे वर्ग रिकामे झाले असते आणि मोठ्या बाईंना तुम्हाला काढावंच लागलं असतं. मी कुणाला बोलले नाही. माझ्या आईलासुद्धा नाही, आणि तिच्यापासून लपवणं म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे.

पुढे हैद्राबादेहून तपासणीचे साहेब आले. वर्ग बघून झाल्यावर मोठ्या बाई त्यांना थेट आपल्या तिघींच्या खोलीत घेऊन येतात. साहेब स्टूलावर बसतात, मी चहा गाळते, आपा ओढणी सावरते. साहेब हसतमुख. म्हणाले, इथे फार छान खबरी सांगतात असं ऐकलं. मग तुमच्याकडे वळून म्हणाले, "त्या तबकडीची सांगा की. बांगड्या रुमालात बांधून ठेवून गायच्या त्या बाई. इकडच्याच का त्या?"

अजून ती खोली माझ्या डोळ्यांपुढे आहे. स्टो बंद केलेला, त्याचा वास. तुम्ही आधी साहेबांकडे बघितलं, मग मोठ्या बाईंकडे, आणि शेवटी माझ्याकडे. मग कप उचलून बाजूला ठेवलात आणि आपली बशी पालथी घातलीत. "न्हाई साहेब. खोटी हाय ती खबर. मीच रचल्याली." आपाची बशी आधीच पालथी होती, मीही माझी घाईघाईनं पालथी घातली. साहेबांनी तिन्ही पालथ्या बश्यांकडे बघितलं. मग म्हणाले, असं का, आणि चहा अर्धा ठेवून उठले.

त्यानंतर तुम्ही मला एकच वाक्य बोललात, तेही जिन्यात, पाठमोऱ्या. "तुझ्याबिगर कुणाला ठाव होतं?" मी उत्तर द्यायला हवं होतं. पण मला राग आला होता, आणि माझ्या मनात तेव्हा आपाचं नाव फिरत होतं. आपाला वाटायचं चुगली मी केली. दारातून सगळं ऐकलेल्या शिपायाला वाटायचं आम्ही दोघींनी. खोलीत तिघी आपापला डबा घेऊन तीन कोपऱ्यांत बसू लागलो, आणि गल्लीतल्या म्हशीची खबर सांगायलाही कुणी तोंड उघडेना. छप्पन साली हैद्राबाद राज्य वाटलं गेलं, बीदर कानडीकडे गेलं. तुम्ही बीदरला राहिलात, मी मराठी शाळा बघून उदगीरला गेले. चार तासांची वाट, पण मी गेले नाही. तुम्ही गेल्याचं मला कळलं ते दिवस-कार्य सगळं उरकल्यावर.

एक गोष्ट मात्र मी तेव्हापासून मनात घोळवते आहे. रुमाल. साहेबांच्या तोंडी रुमाल कुठून आला? मी बांगड्या कोपराकडे सरकवताना बघितलं होतं, तेवढंच. रुमालाचं मला ठाऊक असायचं कारणच नव्हतं. म्हणजे मी सांगितलं असतं तरी मला तो शब्द सांगता आला नसता. अक्का, हे एवढं साधं तुमच्या ध्यानात कसं आलं नाही?

हैद्राबादला नातवाच्या बारशाला गेले तेव्हा तिकडेच राहायला गेलेल्या आपाला शोधून काढलं. दात गेलेले, पण हसणं तेच. मी तिला सरळ विचारलं, तू बोललीस का. ती कपाळावर हात मारून म्हणाली, "कोई नै बोले, माँ. उनोइच बोले." म्हणजे तुम्हीच. तिलाही हे किती तरी वर्षांनी मोठ्या बाईंकडून कळलं होतं. पंचमीला, मी राजेश्वरला गेले होते तेव्हा, मोठ्या बाईंच्या अंगणात झोका बांधला होता. सगळ्या बायांनी आग्रह केला, तुम्ही बांगड्या काढून रुमालात बांधल्या आणि गायलात. मोठ्या बाई रडल्या. असं गायला कुठे शिकलीस म्हणून त्यांनी विचारलं, आणि तुम्ही सांगून टाकलंत. त्यांनी ते पोटात ठेवलं, पण साहेबांना तबकड्या जमवायचा नाद आहे हे कळल्यावर त्यांना राहवलं नाही. साहेब चौकशीला आलेच नव्हते, अक्का. त्यांच्या घरी ती तबकडी होती. गाणारी कोण, एवढंच त्यांना बघायचं होतं. साऱ्या मुलखात एक माणूस तुम्हाला शोधत आला, आणि तुम्ही त्याच्यापुढे बशी पालथी घातलीत.

आपाचं सगळं खरं धरावं का? माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. ती म्हातारी झाली आहे, मला बरं वाटावं म्हणूनही बोलली असेल. मोठ्या बाई नाहीत, साहेब कुठले ते ठाऊक नाही, पुरावा म्हणून काही उरलेलं नाही. तरी मला तुमचा राग येतो. स्वतःच्या तोंडून निघालेली गोष्ट आणि संशय माझ्यावर? माझ्यासारख्या संशयी बाईनं ज्या एका माणसावर डोळे झाकून विश्वास टाकला, त्यानंच मला असं जिन्यात सोडावं? की तुम्हाला आठवत होतं, आणि म्हणूनच तुम्ही पाठ फिरवून बोललात?

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, तेव्हा शेवटचं लिहून टाकते. गेल्या महिन्यात दुपारी रेडिओवर जुनं गाणं लागलं. निवेदिका म्हणाली, तबकडीवर पात्राचंच नाव आहे, गायिका अज्ञात. मी भाजी निवडत होते. तो आवाज तुमचाच होता का, हे मला सांगता येणार नाही. इतक्या वर्षांत मी तो विसरले असेन. एरवी मी बशी पालथी घातली असती. पण गाणं संपलं तेव्हा बघते तर माझ्या बांगड्या मांडीवर पदरात काढून ठेवलेल्या. मध्ये त्यांचा आवाज नको म्हणून.