रबरी चादर

आई,

तू शेजारी गेली होतीस तेव्हा छप्पर तपासायला मिस्त्री आला होता. तो वर चढून पाइपनं पाणी सोडत होता आणि मी खाली तुझ्या पलंगावर बसून बघत होतो. पाणी फळ्यांच्या फटीतून थेट माझ्या मांडीवर पडलं, पँट भिजली. वादळात कौलं सरकलीत, म्हणाला.

तू वादळापासून सांगत होतीस, "अरे, अंथरूण वरून भिजतंय." मी मनात तुझ्या वयाला दोष देत "हो हो, आई" म्हणत राहिलो, लहान मुलाला म्हणतात तसं. शिवाय गादीवर रबरी चादर घातली, तीही तुझ्या सुनेदेखत.

पलंग भिंतीकडे सरकवलाय. त्या जागी बादली ठेवलीय आणि बादलीखाली ती चादर. मिस्त्री उद्या सकाळी कौलं बसवेल. तुला तोंड दाखवायची हिंमत होईना, म्हणून कामावर लवकर निघालो.

उशाशी पाण्याचा जग भरून ठेवलाय. संध्याकाळनंतर तू पाणी पिणं सोडलं होतंस, ते मला दिसत होतं, आणि बरंच झालं असं वाटायचं. आज रात्री पोटभर पी.