पावसाला जा म्हणायचं नाही

नाना, जॅकेट घेतलं. लाल रंगाचं, मागं टोपी जोडलेलं. तुमच्या नातीसाठी. तुम्ही तिला पाहिलं नाही, तिनंही तुम्हाला फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलंय, तरी तिच्या डोक्यात तुम्ही पक्के बसलेले आहात. पुण्याला शिकते ती. आज सकाळी जॅकेट अंगात घालून मित्रमैत्रिणींबरोबर सह्याद्रीतल्या एका गडावर गेली. तिकडं पाऊस नुसता कोसळतोय म्हणे. दुपारपर्यंत खाली उतरते आणि फोन करते म्हणाली होती. दुपार टळून गेली. फोन लावला की तीच ती बाई सांगते, संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. मी इथं बीडला ओट्यावर भाजी चिरून ठेवलीय, फोडणी टाकायला हात उचलत नाही, म्हणून तुम्हाला लिहीत बसलेय.

मी उगीच घाबरणारी नाही, तुम्हाला ठाऊक आहे. पण गेल्या पावसाळ्यात ही पोरगी अशीच गेली होती आणि तिला उचलून आणायची वेळ आली होती. तिच्या अंगात तेव्हा मी बीडच्या बाजारातून घेऊन दिलेला रेनकोट होता. तो मी कसा निवडला सांगू? कांद्याच्या ढिगावर टाकायची ताडपत्री आपण जशी निवडतो तसा. चिमटीत धरून जाडी बघितली, हातावर तोलून वजन बघितलं, जितका जड तितका चांगला म्हणून घेतला. आपल्याला माल झाकायची सवय, माणूस झाकायची कुठं होती? चढताना त्या रबरात ती घामानं आतूनच ओलीचिंब झाली. जीव गुदमरला म्हणून तिनं पुढची चेन उघडली, टोपी मागं टाकली, आणि वर पोचल्यावर तोंड आभाळाकडं करून उभी राहिली. वारा सुटलेला. तिच्या मैत्रिणीनं मला नंतर सांगितलं, की आधी ही हसत होती, मग थरथरायला लागली, मग तिची जीभ जड झाली आणि आपण कुठं आहोत तेही तिला सांगता येईना. पोरांनी तिला गडावरच्या देवळात नेलं, कोरडे कपडे घातले, मध्ये घेऊन बसली. डॉक्टर म्हणाले, अंगातली ऊब गेली की माणूस असाच हातचा जातो. मी तिला विचारलं, टोपी का काढलीस गं? तर म्हणते कशी, "नानांच्या नातीनं पावसात डोकं झाकायचं?"

म्हणून या वेळी मी स्वतः पुण्याला गेले, डोंगरावर जाणाऱ्यांच्या सामानाच्या दुकानात. दुकानातला माणूस समजूतदार होता. त्यानं जॅकेट उलटं करून दाखवलं, शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली असते, नाहीतर पाणी सुईच्या भोकांतून शिरतं. काखेत चेन असते, चढताना ती उघडायची म्हणजे वाफ निघून जाते. कापड असं की बाहेरचं पाणी आत येत नाही पण घाम बाहेर पडतो. आतून लोकरीचं घालता येईल इतकं सैल हवं, कमरेखाली उतरायला हवं, आणि टोपीला कपाळावर पुढं येणारी पट्टी हवी. मी बाटलीतलं पाणी बाहीवर ओतून बघितलं. फरशीवर थारोळं झालं, पोरगी शरमेनं दुसरीकडं बघायला लागली, बाही मात्र आतून कोरडी निघाली. लाल रंग मी धरून बसले, धुक्यात लांबून दिसावा म्हणून. ती सगळ्याला हो म्हणाली. शेवटी म्हणाली, "आई, बिनटोपीचं बघू या ना. टोपी मी घालणार नाही, उगाच कशाला?"

हे तिला मीच शिकवलं होतं, तुमची गोष्ट सांगून सांगून. आपल्या गावात पाऊस आला की डोक्यावर काही घ्यायचं नाही. छत्री नाही, पोत्याची खोळ नाही, तुम्ही तर टोपीसुद्धा काढून खिशात घालायचात. वाट बघून बघून आलेल्या पाहुण्याच्या तोंडावर दार लावायचं नसतं, म्हणायचात. घर गळत असलं तरी "पड बाबा, पड" म्हणायचं, जा म्हणायचं नाही. आणि अशा गावात आपल्या दूध डेअरीनं, तेही दुष्काळात, सभासदांना रेनकोट वाटले! काय हशा पिकला होता त्या सभेत. मागून कुणीतरी ओरडलं होतं, "चेअरमनसायब, हे घालून टँकरखाली उभं ऱ्हावं का आमी?" तुम्ही डेअरीचे माणूस, वरच्या वस्त्यांवरचं दूध गोळा करून सायकलवरून घाट उतरवणारे, तुम्हाला नाही म्हणता येईना. तुम्ही तो घेतलात आणि कॅनवर बांधायला वापरलात. दुधाला रेनकोट, नानाला न्हाई, असं लोक चेष्टेनं म्हणायचे. पोरीला मी एवढंच सांगत आले होते. पुढचं सांगायचं नाही असं तुम्ही मला बजावलं होतं.

पुढचं मला आजही जसंच्या तसं दिसतं. उन्हाळ्याचे दिवस, शाळेला सुट्टी, मी तुमच्याबरोबर वस्तीवर आलेली. परत येताना घाटाच्या मध्यावर आभाळ काळंनिळं होतं आणि गारा सुरू होतात. आधी बोराएवढ्या, मग लिंबाएवढ्या. आडोसा म्हणावा तर एक कपार, तीही एका लेकराला जेमतेम पुरेल अशी. तुम्ही कॅनवरचा रेनकोट ओरबाडून काढता, सायकल आडवी होते, एक कॅन गडगडत खाली जातो आणि झाकण उडून दूध गारांवरून वाहायला लागतं. थेंब सांडला तरी जीव तुटणारे तुम्ही, तिकडं बघतसुद्धा नाही. मला कपारीत ढकलता, रेनकोट अंगावर घालता, त्याची टोपी डोक्यावर ओढता. मी टोपी मागं टाकते. मला तसंच शिकवलेलं. मी म्हणते, "नाना, पाऊस परत जाईल की." तुम्ही पाठीत एक रट्टा घालता. "जाऊ दी! डोकं झाक आधी! झाक म्हन्तो न्हवं!" आणि हनुवटीखाली नाडीची अशी गाठ मारता की पुढं कितीतरी दिवस तिथं वळ होता. मग माझ्यावर पाठीची कमान करून उभे राहता. तुमच्या डोक्यावर गारा आपटल्याचा आवाज मला टोपीच्या आतून ऐकू येतो. आणि तुम्ही मान वर करून ओरडता, "बस कर बे! लेकरू हाय माजं हितं! जा! जा म्हन्तो ना, जा!"

आणि तो गेला. गारा किती वेळ पडतात, थोड्या वेळानं थांबल्याच असत्या. पण तुम्ही मात्र चोरी करताना धरल्यासारखे आभाळाकडं बघत राहिलात. डोक्यावर टेंगळं आली होती, कानामागून रक्त येत होतं, तिकडं तुमचा हातही गेला नाही. त्या वर्षी मृग कोरडा गेला, पुढची नक्षत्रंही तशीच गेली, गायी चारा छावणीवर न्याव्या लागल्या. गावानं रेनकोटांवर राग काढला. "डेअरीनं कावून वाटले बे हे कोट? बिचकला ना पाऊस," म्हणत लोकांनी ते चेअरमनच्या ओसरीवर नेऊन टाकले. तुमचाही टाकलात. बाकीचे शिव्या देत होते, तुम्ही मान खाली घालून परत फिरलात. छावणीच्या मागं दावणीशी मला गाठून तेवढं म्हणालात, "त्या दिसाचं कुनाला बोलू नगंस. आईला बी न्हाई." मी गळ्याची शप्पथ घेतली. मला वाटायचं, गावाला कळलं तर तुम्हाला वाळीत टाकतील. तुम्हाला मात्र गावाची भीती नव्हती. तुम्हाला खरंच वाटत होतं की तुम्हीच त्याला घालवलं. शेवटच्या आजारात खाटेवरूनसुद्धा मला विचारायचात, "आबाळ कसं हाय गं?" आणि मी भरून आलंय म्हणून खोटं सांगायची.

तर नाना, मी शप्पथ मोडली. दुकानाबाहेर पायरीवर बसवून पोरीला सगळं सांगितलं. रट्टा सांगितला, नाडीची गाठ सांगितली, कॅन सांगितला. पाऊस ज्याला देवापेक्षा जास्त होता त्या माणसानं लेकीसाठी त्याला बे म्हटलं, हेही सांगितलं. ती म्हणाली, "आई, हे आधी का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, हे गुपित माझ्या एकटीचं नव्हतं. ती उठून आत गेली आणि टोपीवालं लाल जॅकेट घेऊन बाहेर आली. घालते म्हणाली. पण वर गेल्यावर, पावसात, वाऱ्यात, आपलं रक्त कुठं जातं सांगता येतं का? सकाळपासून मला तिची मागं टाकलेली टोपीच दिसतेय.

इतकं लिहून झालं आणि मध्येच मला उठावं लागलं. इथंही थेंब यायला लागले होते. यंदा पेरण्या झाल्यापासून पावसानं पाठ फिरवलीय, सगळे आभाळाकडं डोळे लावून आहेत. समोरच्या मावशींचं शेत लिंबागणेशकडं आहे, त्या अंगणात येऊन उघड्या डोक्यानं हात जोडून उभ्या राहिल्या. "पड बाबा, पड." मी दोरीवरचे कपडे काढायला मागच्या अंगणात गेले. मीही पदर घेतला नाही, सवयच नाही. थेंब तोंडावर पडला आणि मला गड दिसला. पोरगी दिसली. आणि नाना, माझ्या तोंडून निघून गेलं. तुमच्यासारखं बे म्हणायला जमलं नाही. हळूच म्हणाले, जा.

थांबला तो. माती धड ओलीही झाली नाही. मग बऱ्याच वेळानं फोन वाजला. "आई, उतरलो. आतून कोरडी ठणठणीत आहे. टोपी काढलीच नाही, नाडी अशी आवळली होती की हनुवटी दुखतेय." मी काहीतरी बोलले, काय ते आठवत नाही, रडत होते. फोन ठेवून बाहेर आले तर मावशी अजून दारातच, मान वर करून उभ्या. मला बघून म्हणाल्या, "आला आला म्हनस्तोवर गेला की गं बाई. कावून गेला आसंल?"

मी म्हटलं, काय माहीत, मावशी. आणि आत येऊन हे तुम्हाला लिहितेय. पोरीलाही सांगितलेलं नाही.