शिवेच्या दगडाचं कार्ड

रेव्हनगिल मळा,
७ सप्टेंबर १९५९

प्रिय रूबेन,

बाबांच्या हातातली कुदळ आत्ताच काढून घेतली आणि लिहायला बसले. आजचा सातवा खड्डा. १९४० साली, शत्रू उतरलाच तर त्याला वाट सापडू नये, म्हणून सरकारने पाट्या आणि दगड काढायला लावले. वेस्टमोरलंड आणि यॉर्कशायर परगण्यांच्या शिवेवरचा आपला दगड बाबांनी होता तिथेच आडवा पुरला, आणि लढाई संपली की उभा करीन असा शब्द दिला. मग रस्ता रुंद झाला, खुणा गेल्या. शनिवारी मळा सोडून ते माझ्याकडे गावात यायचेत. दगड सापडल्याशिवाय गाडीत बसणार नाही म्हणतात.

त्या दगडाचं चित्र असलेलं कार्ड आईने तुला सैन्यात पाठवलं होतं. जपलं असशील तर धाड. आणि वेळेवर जेवत जा.

तुझी,
हेस्टर


हल,
९ सप्टेंबर

प्रिय हेस्टर,

कार्ड सोबत आहे. आईचं शेवटचं अक्षर आहे त्यावर, म्हणून काल दिवसभर ते धाडायला मन धजेना. चित्रात दगडामागे आपल्या कोठाराचं टोक आणि चर्चचा मनोरा एका रेषेत दिसतात. डावीकडे वीसेक पावलांवर पूल. तिथे खणा.

मळा नको म्हणून निघालो, त्याला तेरा वर्षं झाली. तेव्हापासून म्हाताऱ्याचं आणि माझं बोलणं नाही. तेव्हा माझा निरोप काही नाही. कार्ड तेवढं परत पाठव, चहा न सांडता. माझ्यावर माया आहे ती राहू दे.

रूबेन


गावाहून,
१३ सप्टेंबर

प्रिय रूबेन,

बाबांनी चित्र पाहिलंच नाही. मागचं वाचत बसले. आईने लिहिलंय, "तुझ्या पत्रासाठी बाबा रोज टपालाच्या वेळी फाटकाशी उभे असतात, पण मी सांगितलं म्हणू नकोस."

मग म्हणाले, "खोटं आहे. रोज नाही. रविवारी टपाल नसतं."

शुक्रवारी मी चित्रावरून दाखवलेल्या जागी तिसऱ्या फावड्याला दगड लागला. शिवेपलीकडच्या शेजारी ॲम्ब्रोजने ट्रॅक्टरने ओढून उभा केला. एकोणीस वर्षं दगडावाचून कुणाचं अडलं नाही, असं तो म्हणाला. यॉर्कशायरच्या माणसाला काय कळणार, असं बाबांनी त्याला ऐकवलं, आणि अक्षरांतली माती स्वतःच्या रुमालाने पुसली.

काल सकाळी गाडी आली. बाबा आपणहून बसले. कार्ड त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात आहे. मी मागितलं, दिलं नाही. ज्याचं आहे त्याने येऊन न्यावं म्हणाले.

हेस्टर