लाल हौद

४ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात तू येऊन रक्त देऊन गेलास आणि इथे आमच्या प्रयोगशाळेत गोंधळ घालून ठेवलास. शोभतं का तुला? आमचा बायोसेन्सर म्हणजे नखाएवढी पट्टी. तिच्यावर रक्ताचा थेंब टाकला की मूत्राशयाच्या कॅन्सरच्या खुणा किती आहेत ते आकड्यात दिसतं. त्यासाठी आधी निरोगी माणसांचा आकडा ठरवावा लागतो, म्हणून तर घरच्यांच्या मागे लागले. सगळ्यांचे आकडे खाली, तुझा एकट्याचा वर!

साहेबांनी विचारलं, हा माणूस निरोगी आहे ना? मी म्हटलं, दगड पचवणारा माझा दादा आहे तो, पट्ट्याच खराब असणार. मग अख्खी खेप फेकली आणि तुझा आकडा वगळला. तरी विचारायचं म्हणून विचारते, लघवीतून रक्तबिक्त जात नाही ना?

वहिनीला नमस्कार. माया आहे तेवढी राहू दे.

तुझी,
चिंगी

११ फेब्रुवारी

चि. चिंगीस,
अनेक आशीर्वाद.

अगं वेडे, रक्त कुठलं? सध्या माझी ड्यूटी लाल हौदावर आहे. इथे कापड रंगवता रंगवता माणूसच रंगतो. नाकातून लाल, थुंकी लाल, सगळंच लाल. रंग कुठला नि रक्त कुठलं, हे आम्हा रंगाऱ्यांना कळत नाही होय? तुझ्या पट्ट्यांनाच चष्मा लाव. साहेबांपुढे माझ्यामुळे तुझी फजिती झाली, त्याचं मात्र वाईट वाटलं.

तब्येतीला जप. आठवण ठेवतेस तशीच ठेव.

तुझा,
दादा

१९ जून

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

ह्यांना लिहायचं त्राण नाही, म्हणून मी लिहितेय. मेमध्ये ह्यांची ड्यूटी निळ्या हौदावर लागली, आणि तरी लघवी लालच. तेव्हा कुठे मला सांगितलं. हिवाळ्यापासून चाललं होतं म्हणे. कारखान्याच्या मोरीत सगळे एकमेकांना चिडवायचे, लाल हौदवाले आले म्हणून. तुम्हाला कळवलं नाही, कारण तुम्हाला निरोगी माणूस हवा होता.

गाठ मूत्राशयाची भिंत ओलांडून बाहेर गेलीय. डॉक्टर म्हणाले, चार महिने आधी आला असतात तर खरवडून काढली असती. आता काही सांगता येत नाही.

ह्यांचा निरोप असा, की चिंगीची पट्टी बरोबर होती, साहेबांना तसं ठणकावून सांग म्हणावं. हे सांगताना चक्क हसत होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

निरोप संपला, आता माझं ऐका. तुमच्या यंत्राने फेब्रुवारीतच सांगितलं होतं. तुम्ही यंत्र फेकलंत आणि भावाला चेष्टेचं पत्र लिहिलंत. दुसऱ्या कुणाचा आकडा असता तर डॉक्टरकडे पाठवलं असतंत ना? बोल लावतेय खरी, पण ह्यांच्या पायजम्यावरचे डाग मीही रंगाचे समजून घासत होते. पण मी अडाणी बाई, वन्सं. तुमच्याकडे आकडा होता.

लोभ असावा असं लिहायची रीत आहे, आज माझ्याच्याने लिहवत नाही. पण या. तुम्ही पुन्हा रक्त मागाल म्हणून हे सकाळपासून बाही वर करून बसलेत.

तुमची,
वहिनी